यमुनाबाई छाप फटफटी

आमच्या घरची सगळी पत्रं मी लिहीत असे, आणि त्याचा मला चांगलाच गर्व होता, हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. बालाघाटात आमच्यासारखी मराठी घरं पुष्कळ होती, पण शाळा हिंदी, बाजार हिंदी, नळावरची भांडणंसुद्धा हिंदीच. मराठी आमच्या उंबऱ्याच्या आत राहायची. घरात ती नीट लिहिता येणारे दोघंच, बाबा आणि मी. बाबा सिंचाई खात्यात बाबू होते आणि वर्षानुवर्षं फायलींवर शेरे मारून त्यांचं अक्षर इतकं बिघडलं होतं की आज लिहिलेलं उद्या त्यांनाच वाचता येत नसे. म्हणून रविवारी दुपारी जेवणं आटोपली की बाबा खुर्चीत डोळे मिटून मजकूर सांगत, मी पाटावर बसून कच्चा उतरवून घेई, मग स्वच्छ कागदावर पक्का करी, आणि बाबा खाली सही करत. सहीच्या आधी ते ओळन् ओळ वाचत. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना मागच्या पानावरचे छापील नियमही वाचून काढणारा तो माणूस होता. न वाचता सही करणारा बाबू एक दिवस स्वतःच्याच बदलीच्या कागदावर सही करतो, असं ते म्हणत.

आईचा धाकटा भाऊ, वामनमामा, लालबर्ऱ्याच्या एका भातगिरणीत फिटर होता. शनिवारी संध्याकाळच्या बसने तो आमच्याकडे येई. हातात पिशवीभर कनकी, म्हणजे गिरणीत तुटलेला तांदूळ, आणि नखांत आठवड्याभराचं काळं तेल. आई रात्रीच कनकी भिजत घाली आणि रविवारी सकाळी तिचे चिले होत. तव्यावर चर्र झालं की मामा पाट ओढून बसायचा तो बारा चिले झाल्याशिवाय उठायचा नाही. त्याच्यासमोर काहीही फिरत असलं की त्याचे कान टवकारत. शेजारचं शिवणयंत्र, कोपऱ्यावरची पिठाची चक्की, आमच्या घरामागून जाणारी छोटी रेल्वे, सगळ्यांच्या पोटात काय दुखतंय ते त्याला आवाजावरून कळे. रेल्वेची शिटी झाली की आई वरणाला फोडणी देई आणि मामा म्हणे, आज डाव्या अंगाले तेल कमी पडून राह्यलं. त्याचं ऐकायला रेल्वेवाले काही तिथे नसत.

एवढा गुणी माणूस, पण तिशी ओलांडली तरी लग्न जमेना. दोन ठिकाणी बोलणी होऊन फिसकटली, आणि दोन्ही वेळा फिसकटली ती एकाच शब्दावर. फिटर म्हणजे मिस्तरीच ना, असं पहिल्यांनी तोंडावर विचारलं. दुसरे सभ्य होते, त्यांनी उत्तरच पाठवलं नाही. मग लांजीचं स्थळ आलं. घरची धानाची शेती, घरामागे धान कांडायचा लहानसा हलर, मुलीचं नाव दुर्गा, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. मामाने तिला लांजीच्या जत्रेत एकदा पाहिलं होतं, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. पण लागोपाठ तीन रविवार त्याने चारच चिले खाल्ले तेव्हा आईने ते त्याच्याकडून काढून घेतलं.

त्या रविवारी बाबांनी लांजीला पाठवायचा मजकूर सांगितला. चिरंजीव वामन लालबर्रा येथील भातगिरणीत फिटर असून निर्व्यसनी आहे, वगैरे. मी पक्का करायला बसले आणि ‘फिटर’पाशी माझा टाक अडला. पंधरा वर्षांची होते मी, आणि जगातली निम्मी दुःखं शब्द बदलले तर टळतील असं मला वाटायचं. मी लिहिलं, ‘भातगिरणीत जबाबदारीच्या कामावर आहे.’ छान दिसलं ते वाक्य. एकदा हात सैल झाला म्हणजे मग आवरत नाही. पुढच्या ओळीत मी आणखी लिहिलं, ‘त्याची स्वतःची फटफटी आहे.’ आमच्या सबंध मोहल्ल्यात त्या वेळी एकच फटफटी होती, डॉक्टरसाहेबांची. ती सुरू झाली की माणसं भांडणं अर्धवट टाकून बघायला येत.

बाबांना त्या दिवशी साहेबांकडे जायचं होतं. त्यांनी चष्मा चढवला, कागद हातात घेतला, खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, आणि लगेच सही करून पाकीट बंद केलं. घाई होती, वाचलं नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि तेव्हा कुठे माझा श्वास परत आला. पण वाईटही वाटलं. माझ्यावर विश्वास ठेवून बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा न वाचता सही केली होती, आणि ती नेमकी खोट्या कागदावर.

दहा-बारा दिवसांनी लांजीहून उत्तर आलं. तेव्हा मामा आमच्याकडेच होता. नवं धान येईपर्यंत गिरणी बंद असे आणि तो काळ तो आमच्याकडे काढी. बाबांनी पत्र मोठ्याने वाचलं. मुलीच्या वडिलांनी लिहिलं होतं की दिवाळीच्या आत मुलगी पाहायला यावं, आणि वामनरावांनी आपल्या फटफटीवरच यावं, म्हणजे गावातल्या लोकांनाही बघायला मिळेल. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, वामन, फटफटी कधी घेतली रे तुवं? मामाने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सुपातल्या तांदळातले खडे इतकं मन लावून वेचत होते की तसे मी आयुष्यात कधी वेचले नसतील. बाबांनी पत्र मूळच्या घडीवर दुमडलं, खिशात ठेवलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, “वामन, महिनाभर आहे अजून.” आणि चपला घालून बाहेर पडले. ते रागावलेत, आपल्याला न सांगता मेव्हण्याने गाडी घेतली म्हणून दुखावलेत, अशी माझी खात्री झाली.

संध्याकाळी मी मामाला घरामागे रुळांपाशी गाठून सगळं कबूल केलं. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. सणावाराला वामनमामा खरोखर वाकून माझ्या पायाला हात लावायचा, आणि ज्याच्या पाया पडायचं त्याला शिव्या कशा देणार? त्यामुळे मार मिळणार नाही हे मला ठाऊक होतं. पण सांगता सांगता मलाच रडू फुटलं. रुळावर बसत त्याने विचारलं, “लिहिली तवा कोणती फटफटी होती तुया मनात?”

मी नाक पुसत म्हटलं, डॉक्टरसाहेबांसारखीच, पण टाकी पितळेची.

“पितळेची काहून?”

“चमकते म्हणून.”

त्याने मान हलवली, जणू हे उत्तर पटण्यासारखंच होतं. मग म्हणाला, “म्हैन्याभरात बनवून टाकू. बनली का मंग तुवं लिहिलेलं खोटं कोठी राह्यलं? भाऊजीले आत्ताच नोको सांगू.” खोटं म्हणजे वेळेआधी आलेलं खरं, असा काहीसा हिशेब त्याने मांडला आणि मला तो फार आवडला. अजूनही मधूनमधून वापरते.

पहिला प्रश्न सायकलचा. मामाकडे स्वतःची सायकलही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आपली काळी, दोन दांड्यांची सायकल अंगणात भिंतीला लावली आणि आईला सांगितलं की डॉक्टरांनी पायी चालायला सांगितलंय, पोट सुटलंय, आजपासून ऑफिसात पायीच जाणार. बाबांचं पोट कधीच सुटलेलं नव्हतं. पण मी सायकल मिळाल्याच्या आनंदात पोटाकडे लक्ष दिलं नाही.

इंजिन मिळालं ते वरातीत दिवे लावणाऱ्याकडून. त्याच्याकडे गाड्यावर ठेवायची दोन जनरेटरं होती, त्यातलं एक मेलेलं. मामाने त्याचं चालू जनरेटर नीट करून दिलं, त्याने मेलेलं मामाला दिलं. चार दिवस मामा ते इंजिन रॉकेलच्या घमेल्यात बुडवून बसला होता. पिस्टनच्या कड्या चिकटल्या होत्या, त्या त्याने अंगठ्याने, फुंकरीने, चुचकारून सोडवल्या. इंजिनाने जन्मभर लग्नंच पाहिली होती, तेव्हा त्याला कामाची सवय होती, असं आई म्हणायची. आईला काय चाललंय ते चौथ्या दिवशी मी सांगितलं होतं. ती आधी कपाळाला हात लावून बसली आणि मग तिने विचारलं, मंग कामाले दुपारचं काय खाल? त्यानंतरचा महिनाभर आमच्या अंगणात सांबारवड्या, पातोड्या, लाखोळीचं वरण आणि पेट्रोल यांचा एकच वास येत होता.

मामाला मोटारसायकलीतलं काही कळत नव्हतं. त्याला गिरणी कळत होती. त्यामुळे त्याने सायकलवर गिरणीच बसवली. इंजिन खालच्या त्रिकोणात बसवायला लोहाराकडून जाड पट्ट्यांचे चिमटे ठोकून घेतले. मागच्या चाकाच्या आऱ्यांना पत्र्याचं मोठं कडं रिबिटांनी जोडलं. प्रत्येक रिबीट मी आतून घणाने धरली होती, आणि माझ्या डाव्या अंगठ्याचं नख तेव्हापासून वाकडं आहे. साखळीच्या जागी गिरणीचा जुना चामडी पट्टा, चिरून अरुंद केलेला, टोकं लोखंडी क्लिपने जोडलेली. इंजिनाच्या दांड्यावर शेजारी शेजारी दोन पुल्या, जशा गिरणीतल्या प्रत्येक यंत्राला असतात. एक घट्ट, ती फिरवते. दुसरी मोकळी, ती नुसती फिरते. मध्ये लाकडी दांडा. दांडा इकडे केला की पट्टा घट्ट पुलीवर सरकतो आणि गाडी चालते, तिकडे केला की मोकळ्या पुलीवर जातो आणि गाडी थांबते. इंजिन बंद करायचं असेल तर प्लगवर एक पत्र्याची पत्ती टाचेने दाबायची. गाडीचं सगळं शास्त्र एवढंच होतं.

परवा नागपूरहून आमचा एक नातू आला होता. त्याच्या मित्राने भरपूर खर्च करून मोटार लावलेली सायकल बनवून घेतली आहे. चामडी पट्टा, दांड्याखाली लटकणारी चपटी टाकी, लाकडी मूठ. फोनवर व्हिडिओ दाखवत तो म्हणाला, आजी, याला विंटेज लुक म्हणतात, शंभर वर्षांपूर्वी गोऱ्यांच्या गाड्या अशा असायच्या. मी म्हटलं, बाळा, आमच्या मामाने गोऱ्यांची गाडी बापजन्मी पाहिली नव्हती, त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून तसा लुक आला. त्याला ते विनोदी वाटलं. मी विनोद केला नव्हता.

राहिली टाकी. पितळ मी बोलून बसले होते, आणि पत्र्याच्या टाकीवर मामा राजी होईना. आईच्या लग्नातली मोठी पितळी घागर तळाला झिरपू लागली होती म्हणून माळ्यावर पडली होती. ती आईने स्वतः काढून आणली, पदराने पुसली आणि मामाच्या हातात दिली. मग घागरीच्या काठावरून एकदा बोट फिरवून आत गेली. आम्ही ती तांबटाकडे नेली. त्याने कापली, ठोकून सपाट केली, दोन दांड्यांमध्ये मावेल अशी लांबट टाकी वळली, आतून कल्हई केली. पण घागरीवर ठिपक्या-ठिपक्यांनी आईचं नाव घातलेलं होतं, ‘सौ. यमुनाबाई’, माहेरच्यांनी दिलेल्या भांड्यांवर घालतात तसं. नावावर आम्ही हातोडा मारत नाही, असं तांबटाने सांगून टाकलं. मारला तर त्या बाईचं आयुष्य कमी होतं म्हणे. म्हणून तेवढा तुकडा त्याने जसाच्या तसा राखला, आणि टाकी बसवली तेव्हा नाव उजव्या बाजूला, डॉक्टरसाहेबांच्या गाडीवर कंपनीचं नाव असतं बरोबर तिथे आलं.

गाडी पहिल्यांदा चालली तेव्हा मोहल्ला लोटला. फट फट फट आणि मध्येच टक्. पट्ट्याची क्लिप पुलीवरून जाताना टक् वाजायची. मामा गल्लीच्या टोकापर्यंत गेला, दांडा ओढून थांबला, वळून परत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका शेजाऱ्याने वाकून टाकीवरचं नाव वाचलं आणि विचारलं, ये यमुनाबाई कंपनी कहाँ की है? मामाने गंभीरपणे सांगितलं, नागपूर के पास. बाबा ऑफिसातून पायी येत होते. ते कडेला थांबले, गाडी जाऊ दिली आणि घरात जाऊन हातपाय धुऊन चहा मागितला. एक शब्द विचारला नाही. मला वाटलं, त्यांना माझ्याशी बोलायचंच नाही.

लांजी बालाघाटहून चांगली लांब. तेवढी मजल त्या इंजिनाला झेपणार नव्हती, तेव्हा फटफटी बसच्या टपावर बसून लांजीला गेली. वर चढवताना मामाने तिला आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली होती. बेत असा की लांजीच्या अलीकडे दोनेक मैलांवर मामा आणि मी उतरायचं, बाबांनी बसने पुढे जाऊन पाहुण्यांकडे बसायचं, आणि मग आम्ही वाजत-गाजत यायचं. मुलगी पाहायला पंधरा वर्षांच्या पोरीला कोणी नेत नाही. पण मामाने सांगितलं, पोरगी येईन तरच मी जाईन.

आणि इथे मामाने ती चूक केली. गिरणीत हंगामाच्या पहिल्या दिवशी यंत्र सुरू करायच्या आधी पूजा होते. नारळ फुटतो, उदबत्ती लागते आणि हेडफिटर पट्ट्याला राळ लावतो, पट्टा पुलीवरून घसरू नये म्हणून. ती राळ लावणं हाही पूजेचाच भाग. बसमधून उतरल्यावर रस्त्याच्या कडेला मामाने फटफटीपुढे नारळ फोडला, उदबत्ती लावली, आणि हात सवयीने खिशात गेला. राळेचा खडा त्याने पट्ट्यावर असा प्रेमाने घासला की मी पण हात जोडले. पट्टा घसरू नये म्हणून राळ. पण आमची गाडी थांबायचीच मुळी पट्टा घसरला तर. हे त्या घडीला दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

दुपारचं आश्विनाचं ऊन. मी मागे कॅरिअरवर. गाडी झोकात चालली होती, धानाच्या बांधांवरून बाया उभ्या राहून पाहत होत्या. एका खड्ड्यात खाडकन आदळली तेव्हा काहीतरी टिणकन पडलं, पण असल्या वेळी कोण मागे बघतो. ती इंजिन बंद करायची पत्ती होती, हे पुढे कळलं.

मुलीच्या घरापुढे मोठं अंगण होतं, मधोमध चिंच. ओसरीवर बाबा बसले होते, हातात चहाचा कप. शेजारी मुलीचे वडील, पांढरी टोपी, आमच्या स्वागताला हात जोडून उभे. मामाने रुबाबात दांडा ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला. उन्हात राळ वितळून पट्टा घट्ट पुलीला असा धरून बसला होता की सुटायचं नाव नाही. टाच मारली तर पत्ती नाही. ब्रेक दाबले तर चाकातून जळका वास आला, पण इंजिन वरातीतलं, ते कोणाचं ऐकतंय? मग मामाला एकच सुचलं. त्याने चिंचेला वळसा घातला.

पहिल्या फेरीला मुलीच्या वडिलांनी नमस्कार केला, मामाने एक हात सोडून केला. दुसऱ्या फेरीला पुन्हा दोघांनी केला. तिसऱ्या फेरीला वडील खाली बसले. पेट्रोलचा नळ मामाने बंद केला होता, पण आत गेलेलं संपेपर्यंत ती थांबणार नव्हती. दर फेरीला मला बाबांचा चेहरा दिसे, आणि दर फेरीला कप जिथल्या तिथेच, ओठांपासून चार बोटांवर. गाव जमलं होतं. कोणाला तरी हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. मी मामाच्या पाठीत तोंड खुपसलं. त्याच्या शर्टाच्या आत त्याचं काळीज इंजिनापेक्षा जोरात चाललं होतं, आणि ते माझ्या एका ओळीमुळे चाललं होतं. एवढी शरम मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि खरं सांगते, नंतरही नाही.

तेवढ्यात घरामागून एक मुलगी हातात बांबूचा दंडा घेऊन धावत आली. हिरवं लुगडं, पदर खोचलेला, अंगावर पाहायच्या कार्यक्रमाचे दागिने. ती गाडीच्या बरोबरीने धावू लागली आणि ओरडून म्हणाली, “चढावर घ्या! खळ्याकडं घ्या!” मामाने हँडल खळ्याच्या चढाकडे वळवलं. गाडी जरा मंदावली. तिने खाली पाहिलं, दंड्याचं टोक पट्ट्याच्या कडेखाली घातलं आणि एक झटका दिला. पट्टा उडून बाजूला पडला. इंजिन एकटंच भडभडत राहिलं, आणि आम्ही दोघं फटफटीसकट तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात जाऊन शांतपणे आडवे झालो.

ती दम खात उभी राहिली. पट्टा उचलून तिने बोटाने चाचपला, वास घेतला.

“राळ कोनं लावली?”

“म्या,” मामा ढिगातून म्हणाला.

“एवढ्या उन्हात कोनी राळ लावते का?” मग क्लिप पाहिली, दोन्ही पुल्या पाहिल्या, लाकडी दांडा पाहिला. “गिरणीत फिटर आहा तुमी?”

मामाच्या केसांत तणस होतं. तो आधी माझ्याकडे बघणार असं वाटलं, पण नाही बघितलं. “हौ,” म्हणाला. “फिटरच आहो.”

तिने वळून ओसरीकडे पाहिलं आणि साऱ्या गावादेखत बापाला सांगितलं, “बाबाजी, फिटर आहे हे.” ती हे ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मी विसरले नाही. विहिरीला पाणी लागलं म्हणजे माणूस असा बोलतो.

त्यांचा हलर चार महिन्यांपासून पट्टा फेकत होता. दोन मिस्तरी येऊन गेले, कोणाला उमगलं नव्हतं, आणि आठवड्याभरात नवं धान यायचं होतं. त्यानंतर कसला कांदेपोह्यांचा कार्यक्रम. मामा तणस झटकत थेट घरामागे गेला, हलरच्या दांड्यावर कान ठेवला, म्हणाला, पाया एका बाजूनं बसला, दांडा तिरपा झाला. दुर्गाने खाली घालायच्या लाकडी पाचरा आणून दिल्या. दोघं तासभर त्या यंत्राशी झटत होती, आणि मुलीने खाली बघून चहा देणं, मुलाने तिचं नाव विचारणं यातलं काहीही झालं नाही. तिने विचारलं, बारा नंबरचा पाना का चौदा? तो म्हणाला, चौदा. हलर सुरू झाला आणि पट्टा सरळ मधोमध चालला तेव्हा तिचे वडील बाबांना म्हणाले, “पत्रात तं फिटर लिहिलंच नोयतं तुमी. लिहिलं असतं तं मी सोता आलो असतो बालाघाटले.”

बाबा म्हणाले, “राहून गेलं.”

लग्न माघात झालं. वरात त्याच फटफटीवर निघाली, राळ न लावता. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मामी लांजीलाच असते, गुडघ्यांनी त्रासलेली, पण जीभ शाबूत. फटफटीचं लोखंड केव्हाच भंगारात गेलं. टाकी तेवढी मामीने ठेवली आहे आणि दर दिवाळीला चिंचेने घासते. आईचं नाव अजून वाचता येतं.

पण मला सांगायचं होतं ते परतीच्या बसचं. मामाला त्यांनी ठेवून घेतलं. मी आणि बाबा दोघंच, दिवस मावळायला आलेला, टपावर फटफटी. महिनाभर पोटात धरून ठेवलेलं मला आता ठेववेना. मी म्हटलं, बाबा, मला सांगायचंय. पत्रात फटफटीचं मी घातलं होतं. फिटर मी काढला होता. तुम्ही विश्वासाने न वाचता सही केली. एवढं बोलून मी रडायला लागले.

बाबा समोर बघत होते. म्हणाले, “न वाचता सही करतो का मी कधी?”

मला कळायला वेळ लागला. मग त्यांची सायकल आठवली, न सुटलेलं पोट आठवलं, महिनाभर आहे अजून म्हणाले होते ते आठवलं.

“दोन पोरीवाले फिटर म्हनून सोडून गेलते,” बाबा म्हणाले. “तिसरे बी जातीन, असं मले बी वाटलं. फटफटी खोटी होती, पण वामन बनवून टाकीन, हे मले मालूम होतं. फिटर मात्र खरा होता. थो तुवं खोडला, आन् म्या वाचून बी सही केली.” पुढे म्हणाले, “तेवढीच सही चुकली माही.”

मग ते उठले आणि मला खिडकीची जागा दिली.